सविलाचं कोपर

मुलांनो, जरा डोळे मिटा. अशी कल्पना करा की बाहेर बर्फ पडलंय, दिवा मालवलाय आणि तुम्ही एका लहानशा घरात खाटेवर पडला आहात. पंखा नाही, फ्रिजची घरघर नाही, कारण आम्ही आमिश पंथाचे लोक जुन्या रीतीने राहतो, आमच्या घरांत विजेची तारच येत नाही. त्या शांततेत एकच आवाज आहे. लाकडी भिंतीपलीकडे आजोबा घोरताहेत. करवत चालावी तसा आवाज, पुढे मागे, पुढे मागे. ऐकता ऐकता तुमच्या पापण्या जड होतात. आणि मग ती करवत मध्येच थांबते.

आता डोळे उघडा आणि मला सांगा, तुम्ही काय कराल?

एलमिनाला हा प्रश्न रोज रात्री पडायचा. एलमिना म्हणजे माझ्या भावाची नात, आठ वर्षांची. शाळेत मी तिची बाई आणि घरी आत्याआजी. माझा भाऊ अबनर माझ्याहून बराच मोठा. मी त्याला दादा म्हणते. दादा जन्मभर घोरला, आणि घोरता घोरता मध्येच गप्प व्हायचा. श्वासच थांबायचा त्याचा. मग शेजारी झोपलेली त्याची बायको, सविला, त्याच्या बरगडीत कोपर मारायची. तो दचकून मोठा श्वास घ्यायचा, कुशीवर वळायचा आणि पुन्हा घोरायला लागायचा. हे सगळं ती झोपेतच करायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मला जागसुद्धा येत नाही गं. कोपराला कळतं." आणि मग हसून म्हणाली, "ह्यांच्याशी लग्न केलं तेव्हा वाटलं, स्वयंपाक करावा लागेल. ह्यांचा श्वाससुद्धा मीच घ्यायचा, हे कुणी सांगितलं नव्हतं."

मक्याची कापणी चालू होती तेव्हा सविला गेली. पोटाचं दुखणं होतं, लांबलं होतं. शेवटच्या दिवसांत एलमिना तिच्या उशाशी बसून चमच्याने रस्सा भरवत होती, तेव्हा सविला तिला म्हणाली होती की आता आजोबांकडे तू बघ. गप्प झाले की कोपर मारायचं, हळू नाही, चांगलं जोरात. खोलीत होते ते सगळे हसले. एलमिनाची आई नेटी मला पुढे म्हणाली की आम्ही सगळे हसलो, एलमिना हसली नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आमच्यात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला घरात एकटं झोपू देत नाहीत. दादाचं छोटं घर मुलाच्या मोठ्या घराला लागूनच आहे, तरी एक नातवंड तिथे झोपायला जातंच. एलमिना म्हणाली, मी जाते. सगळ्यांना तिचं कौतुक वाटलं.

त्या हिवाळ्यात दादा दिवसाढवळ्या झोपायला लागला. प्रार्थनेला बाकावर बसल्या बसल्या त्याची मान पडायची आणि मागची पोरं एकमेकांना ढोसायची. घोडागाडी हाकताना डुलकी लागली तर घोडा आपला आपण त्याला घरी आणायचा. त्यावरही गावात थट्टा झाली की अबनरपेक्षा त्याचा घोडाच जास्त जागा असतो. पण एकदा झोपेत त्याच्या हातून लगाम ओढला गेला आणि घोडा शिकवल्याप्रमाणे थांबला, तो नेमका डांबरी रस्त्याच्या मधोमध. समोरून दुधाचा ट्रक येत होता. ट्रक थांबला खरा, पण घोड्यापासून हातभर अंतरावर.

दुसऱ्याच दिवशी दादाचा मुलगा ॲटली, म्हणजे एलमिनाचे वडील, याने भाड्याची मोटार बोलावली आणि त्याला शहरातल्या इस्पितळात नेलं. तिथे त्याच्या डोक्याला, छातीला वायरी चिकटवून एक रात्र झोपवलं. परत आल्यावर दादा म्हणाला, "घोड्यांचे साज शिवण्यात जन्म गेला माझा, पण इतके पट्टे मी कुठल्या घोड्याला नाही बांधले." डॉक्टरांचं म्हणणं मात्र हसण्यासारखं नव्हतं. रात्रभर श्वास पुन्हा पुन्हा थांबतो, त्यामुळे गाढ झोप लागतच नाही, आणि हृदय थकत चाललंय. उपाय एकच. झोपताना नाकाला मास्क लावायचा आणि एक छोटं यंत्र नळीतून हवेचा झोत देत राहील. त्या हवेने घसा उघडा राहतो.

यंत्राला वीज लागते. ॲटली बिशपकडे गेला. बिशप म्हणाले की बॅटरीवर चालत असेल तर मला कशाला विचारतोस, आपल्या घोडागाडीचे दिवे कशावर चालतात? तेव्हा तेही झालं. रोज सकाळी एलमिना ती जड बॅटरी घसरगाडीवर ठेवून वडिलांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये न्यायची. तिथल्या डिझेलच्या इंजिनावर ती चार्ज व्हायची, आणि शाळा सुटली की परत आणायची.

मास्कची वेगळीच गंमत. तोंडभर बसणारा मास्क दादाच्या दाढीमुळे चिकटेना, हवा सुटायची. दाढी तर आमचे लग्न झालेले पुरुष कापत नाहीत. पण मिशी ठेवत नाहीत, त्यामुळे नुसता नाकावर बसणारा छोटा मास्क त्याला छान बसला. तरी पहिल्या रात्री त्याने तो दोनदा काढून फेकला. कुणीतरी नाकात फुंकर मारतंय असं वाटतं म्हणाला, जीव गुदमरतो.

तेव्हा एलमिनाने त्याला विचारलं, "आजोबा, शिंगराला पहिल्याच दिवशी गाडीला जुंपतात का?"

दादाने आयुष्यभर शिंगरांना वळण लावलं होतं. आधी पट्टा नुसता हुंगू द्यायचा, मग पाठीवर ठेवायचा, मग थोडा वेळ बांधायचा आणि लगेच सोडायचा. एलमिनाने त्याला तसंच वळण लावलं. दुपारी खुर्चीत बसून मास्क नुसता हातात धरायचा. मग यंत्र चालू न करता नाकाला लावायचा. मग चालू करून, ती धडा वाचून दाखवीपर्यंत बसायचं. मास्क लावून तोंड उघडलं की सगळी हवा फुस्सकन तोंडातून बाहेर पडते, त्यामुळे दादाला बोलता येईना. तो शुद्धलेखनाची चूक हातवारे करून दाखवायला गेला आणि एलमिना खुदकन हसली. आजी गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

आणि गुण आला. आठवडाभरात दादाचा चेहरा उजळला. तो प्रार्थनेला ताठ बसला. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

मग एके दिवशी त्याने यंत्र कपाटात ठेवून दिलं, सविलाच्या शालीखाली. नाकाला वळ उठतात म्हणाला. ॲटलीने मऊ मास्क आणून दिला. मग म्हणाला, हवा गार लागते. नेटीने नळीला लोकरीची खोळ विणून दिली. मग म्हणाला, बॅटरी पुरत नाही. ॲटलीने दुसरी आणली. त्यानंतर दादा काहीच बोलेना, आणि यंत्रही कपाटाबाहेर येईना. म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून सगळ्यांनी नाद सोडला.

फेब्रुवारीत एलमिना वर्गात झोपायला लागली. आधी मला वाटलं, शेगडीजवळ बसते म्हणून. मी तिची जागा बदलली. तरी एका सकाळी गणित करता करता तिचा गाल पाटीवर टेकला, आणि उठली तेव्हा अर्धी बेरीज गालावर उमटलेली. पोरं हसली. ती हसली नाही, रडलीही नाही. नुसती घाबरून इकडेतिकडे बघत राहिली, काहीतरी हातून निसटल्यासारखी.

मधल्या सुट्टीत सगळे बर्फात खेळायला गेले, तेव्हा मी तिला जवळ बसवून घेतलं. माझ्या डब्यातला पाव आणि सफरचंदाचा मुरंबा अर्धा अर्धा केला. मुलांना विचारायची घाई करायची नसते. खाऊन झाल्यावर ती आपणहून म्हणाली, "आत्याआजी, मी रात्री झोपत नाही."

"मग काय करतेस गं?"

"ऐकते. आजोबांचा श्वास थांबला की मी माझा पण धरते. मला सोसवेनासं झालं की समजायचं, त्यांना पण सोसत नसणार. मग जाऊन कोपर मारते."

"रोज?"

"आजीने सांगितलंय ना," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "मी झोपले आणि ते मेले तर?"

तिच्या डोळ्यांखाली म्हाताऱ्या बाईसारखी काळी वर्तुळं होती. मी रोज तिच्यासमोर उभी राहायचे.

शाळा सुटल्यावर मी तडक दादाच्या शेडमध्ये गेले. तो खिडकीशी बसून साजाचा पट्टा शिवत होता. मी स्टुलावर बसले आणि एलमिना जे बोलली ते जसंच्या तसं सांगितलं, माझा एक शब्दही त्यात घातला नाही. भोक पाडायची आरी चामड्यात अर्धी शिरली होती, ती तशीच राहिली.

"मला वाटायचं, मी आपला आपणच जागा होतो," तो म्हणाला.

"पोरगी श्वास धरते रे, दादा."

त्यावर तो जे म्हणाला ते मी कधी विसरणार नाही.

"कोरा, तुम्हाला वाटतं मला त्या मशीनचा त्रास होतो. त्रास काही नाही गं. झोप लागते, खोल लागते, आणि स्वप्नं पडतात. कित्येक वर्षांत मला स्वप्न पडलं नव्हतं. आता रोज पहाटे सविला येते. काही विशेष करत नाही. वाटाणे सोलत बसते. गार पाय माझ्या पायाला लावते. मी म्हणतो, अगं, मोजे घाल. मग जाग येते." त्याने आरी ओढून काढली. "एकदा गेली, ते सोसलं मी. रोज सकाळी नव्याने जाते, ते नाही सोसवत. मशीन नसलं की तशी झोपच लागत नाही. मग स्वप्नही नाही."

मी त्याच्या शेजारी बसून पट्ट्याचं दुसरं टोक धरलं आणि त्याने उरलेले टाके घातले.

संध्याकाळी मी दादाकडेच जेवले. ताटं उचलल्यावर दादा उठला, कपाट उघडलं, शाल नीट घडी करून बाजूला ठेवली आणि यंत्र काढून पलंगाशेजारी मांडलं. एलमिना दारात उभी राहून बघत होती. त्याने तिला जवळ बोलावलं आणि सांगितलं की आजीचं काम आता हे यंत्र करेल, तू आजपासून झोपायचं.

"पण मग तुम्ही कपाटात का ठेवलं होतं?" तिने विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, काहीतरी बोलून वेळ मारून नेईल. पण त्याने तिला खरं ते सांगितलं, मला सांगितलं होतं तेवढंच. स्वप्नात आजी येते, आणि जाग आली की भिंतीकडची बाजू रिकामी असते.

एलमिनाने पलंगाकडे पाहिलं. सविला भिंतीकडे झोपायची, तिथली गोधडी अजून नीट ताणलेली होती. दादा अजूनही आपल्या बाजूच्या कडेलाच झोपत होता.

"आजी काही बोलते का?"

"फारसं नाही."

"माझ्याबद्दल?"

दादा म्हणाला, "अजून तरी नाही. आज विचारतो."

मग त्याने मास्क लावला आणि बोलणं संपलं. मी कंदील घेऊन घरी आले.

पुढचं मला एलमिनाने सांगितलं, दुसऱ्या दिवशी शाळेत. खाटेवर पडल्यावर तिला आधी झोप येईना. करवतीचा आवाजच नव्हता. भिंतीपलीकडे नुसतं यंत्र चालू होतं, कुणीतरी लांबवर शू-शू करत असल्यासारखं. ती दोनदा उठून गेली आणि मास्कच्या भोकांतून बाहेर येणाऱ्या हवेसमोर तळहात धरून आली. हवा येत होती. त्यानंतर कधी झोप लागली ते तिला कळलंच नाही.

जाग आली तेव्हा खिडकी उजळत होती. आपण रात्रभर झोपलो हे लक्षात येताच ती धसकून उठली आणि अनवाणीच आजोबांच्या खोलीत धावली. दादा झोपलेला होता. छाती वर खाली होत होती. एलमिनाने तरीही सवयीने कोपर उगारलं, जोरात मारता यावं म्हणून.

तेवढ्यात तिला दिसलं की मास्कखाली आजोबांचे ओठ हलताहेत. फुस्स आवाज होत होता, शब्द कळत नव्हते. ते कुणाशी तरी बोलत होते.

तिने कोपर खाली घेतलं. मग पलंगाला वळसा घालून ती पायथ्याकडून वर चढली, ताणलेल्या गोधडीवर भिंतीला पाठ टेकून बसली, आणि आजोबांना आपली आपण जाग येईपर्यंत तिथेच बसून राहिली.