आत्याची चाल आणि माझा एक कान

मित्रांनो, मी एक जुना हेडसेट आहे. आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा. खोटं बोललो तर हा माझा एकुलता एक उरलेला कानही झडून पडो!

अमेरिकेत, नेब्रास्कातल्या मक्याच्या रानात एक लहानसं कॉलेज आहे. तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याच्या खेळाच्या, कोचच्या डोक्यावर माझी उभी हयात गेली. कोचचं नाव व्हर्लिन स्टेंगल. मैदानाच्या कडेला वर गच्चीवरच्या खोक्यासारख्या खोलीत त्याचा मदतनीस डेल्मर बसायचा, आणि दर शनिवारी माझ्यातून कोचच्या कानात ओरडायचा. डेल्मरचा आवाज असा की एकदा पलीकडच्या शेतातल्या गाई उठून गोठ्यात गेल्या. लोक म्हणायचे, भारी हेडसेट हं. कौतुक ऐकलं, पण थकलोच मी. माणसांची भीती दिवसभर कानात घेऊन फिरणं सोपं नसतं, बाबांनो.

आणि कोचला भीती फार. चेंडूवाल्या संघाला दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. चौथा आला की हा हमखास चेंडू लाथेनं लांब उडवून समोरच्यांना देऊन टाकायला सांगायचा, म्हणजे धोकाच नको. गावात चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा गोड रोल खाता खाता लोक टोमणे मारायचे, स्टेंगल घरचं दारसुद्धा लाथेनंच उघडत असेल.

हंगामातला शेवटचा सामना शेजारच्या कॉलेजशी असतो. बक्षीस म्हणजे दुधाचा एक जुना लोखंडी कॅन. रीत अशी, की हरलेल्या कोचनं सगळ्यांसमोर तो जिंकलेल्यांच्या रंगात आपल्या हातानं रंगवायचा. त्या वर्षी कॉलेजनं कोचला आधीच सांगून ठेवलं होतं, यंदाही कॅन रंगवलास तर नोकरी गेली म्हणून समज.

त्यात आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळ चालवणारा गडी, गुडघा धरून बसला. आत आला लेव्ही. पहिल्या वर्षाचा, मिशीसुद्धा धड न फुटलेला. त्यानं फेकलेला पहिलाच चेंडू समोरच्यांनी अलगद झेलला. नंतर तो हेल्मेटचा पट्टा इतक्यांदा काढत-लावत राहिला की मला वाटलं, पट्टाच तुटेल.

शेवट आला. आम्ही दोन गुणांनी मागे, चौथा प्रयत्न, आणि पुढे सरकायला जेमतेम दोन यार्ड हवेत; मिळाले की पुन्हा चार प्रयत्न. लांबून लाथ मारून चेंडू खांबांमधून गेला तर तीन गुण, म्हणजे जिंकलोच. पण वारा समोरून, आणि असा की कुणाचा तरी रोल उडत येऊन पंचाच्या टोपीवर बसला.

डेल्मर माझ्यातून ओरडला, "व्हर्लिन, त्या पोराच्या हातात चेंडू देऊ नकोस. लाथ मारू दे. चुकली तर वाऱ्याचं नाव पुढे करता येईल."

कोचनं खेळ थांबवला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, सामना चालू असताना, मला डोक्यावरून काढून गळ्यात अडकवलं. डेल्मर तिथंच कुरकुरत राहिला, डबीत कोंडलेल्या माशीसारखा.

"लेव्ही, तुला झोपेतसुद्धा जमेल अशी कुठली चाल आहे?"

पोरगं खाली बघत म्हणालं, "आहे एक, कोच. पण ती तुम्ही शिकवलेली नाही."

"मग कुणी शिकवली?"

"आत्यानं. मक्याच्या बांधावर."

कोचनं हातातला चालींचा कागद खिशात कोंबला. "ठीक आहे. मग आत्याचीच खेळू."

लेव्हीनं आमच्यातल्या एका उंच गड्याला सांगितलं, पळ, वळ आणि हात वर कर. या वेळी फेकण्याआधी त्याचा हात पट्ट्याकडे गेला नाही, हे मी पाहिलं. चेंडू बरोबर हातात बसला, पण समोरच्यांनी झेलणाऱ्याला तिथंच आडवं पाडलं. पंचांनी अंतर मोजायला दहा यार्डांची साखळी आणून ताणली. रंगाचा ब्रश असतो ना, तेवढं अंतर कमी पडलं. चेंडू समोरच्यांना मिळाला आणि वेळ संपला.

हरलो.

लेव्ही हेल्मेट न काढता बाकाच्या टोकाला उभा होता. कोचनं मला अलगद गळ्यातून काढलं, बाकावर हळूच ठेवलं आणि त्याला म्हणाला, "चाल मी मागितली, हरलो मी. तू फक्त फेकलास, आणि झकास फेकलास. जा, आत्याला फोन कर."

मग तो बाही सावरून कॅन रंगवायला बसला. लेव्ही ब्रश घ्यायला गेला तर त्याला हटकलं, "हा मान माझा आहे, पोरा."

नोकरी गेली. नवे कोच आले, नवे हेडसेट आले, मी खोक्यात गेलो. माझ्या कानाच्या उशीतला कापूस उंदरिणीनं बाळंतपणाला नेला. पुढे कधीतरी लेव्हीनंच मला शोधलं, चिकटपट्टी लावली आणि आपल्या खोलीत खिळ्याला टांगलं.

मित्रांनो, वस्तू जपा. आणि नवख्या पोरांना तर आमच्याहून जास्त जपा.

बरं, शपथ घेतलीय, तर एक सांगूनच टाकतो. कोचनं मला हळूच ठेवलं, ते खोटं. तो आधी पाण्याच्या पिंपांमागे गेला, लेव्हीकडे पाठ केली आणि मला दाणकन जमिनीवर आपटलं. माझा दुसरा कान तिथंच गेला. मग त्यानं तोंड पुसलं, मला उचललं आणि हसत हसत पोराकडे गेला.