लॉरेलबाईंची शिफारस

विनिताच्या मते जगातलं कुठलंही काम ओळखीने होतं. फक्त ओळख निघेपर्यंत माणसाने लाजायचं नसतं. त्यामुळे लेकीने, मयूराने, जेवताना सहज सांगितलं की अमेरिकेत तिला सोरोरिटीत, म्हणजे एकत्र राहणाऱ्या कॉलेजच्या मुलींच्या मंडळात, शिरायचंय, त्यासाठी एखाद्या जुन्या मेंबरचं शिफारसपत्र लागतं आणि अशी बाई काही सिडनीत मिळायची नाही, तेव्हा विनिताने अर्धी पोळी तशीच टाकून फोन हातात घेतला.

लेकीला हॉकीच्या जोरावर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिप मिळाली होती. सोरोरिटी म्हणजे काय हे प्रतापने, विनिताच्या नवऱ्याने, दोनदा समजावून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मुलींची भिशीच ना, फक्त बंगल्यात?"

"बेसिकली, येस," मयूरा म्हणाली.

विनिताने हॅरिस पार्कच्या मराठी ग्रुपवर विचारणा केली. एकाने पुण्यातल्या माजी नगरसेवकाचं पत्र देऊ केलं, एकीने योगशिक्षिकेचं. चारुदत्त नावाच्या गृहस्थांनी तर शिफारशीच्या ओघात आपल्या भाच्याचं स्थळही सुचवून टाकलं.

बाई सापडली ती पॅरामॅटातल्या डेंटल क्लिनिकमध्ये. विनिता तिथे रिसेप्शनला होती. लॉरेल ही सत्तरीची अमेरिकन पेशंट, लग्न करून सिडनीला आलेली, बोलताना प्रत्येक शब्द पाकात बुडवून काढणारी. जबड्यात इंजेक्शन घेऊन ती बधिर व्हायची वाट बघत बसली होती. विनिताने तिला सरळ विचारलं की कॉलेजात सोरोरिटीत होतीस का. लॉरेलने मान डोलावली. कुठल्या, म्हटल्यावर तिने अपॉइंटमेंट कार्डाच्या मागे तिच्या नावाची तीन ग्रीक अक्षरं काढली. मयूराच्या युनिव्हर्सिटीत त्याच सोरोरिटीचा बंगला होता. विनिताने तिथल्या तिथे पत्र मागितलं. तोंड बधिर असल्यामुळे आपल्याला नाही म्हणता आलं नाही, असं लॉरेल पुढे सगळ्यांना सांगायची.

बधिरपणा उतरल्यावर मात्र मुलीला पाहिल्याशिवाय पत्र लिहिणार नाही, असं तिने बजावलं. मग रविवारी जेवायला बोलावणं गेलं. विनिताने श्रीखंड केलं, मयूराला कुडता घालायला लावला, समाजसेवेबद्दल चार वाक्यं पाठ करून घेतली. दाखवण्याचा कार्यक्रमच तो. फक्त मुलगा नव्हता.

लॉरेलने आधी दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं आणि मग विचारलं, "तुला हे कशाला हवंय?"

मयूराने आईकडे पाहिलं. समाजसेवेची वाक्यं काही बाहेर आली नाहीत.

"भीती वाटते," ती म्हणाली. "तिथे माझं कोणीच नाहीये. आईला सांगितलं असतं तर तिने जाऊच दिलं नसतं."

विनिताने हातातली वाटी खाली ठेवली. गेले दोन महिने ही पोरगी घरभर शीळ घालत हिंडत होती, बॅगा भरत होती, आणि आपल्याला तिच्या पोटातलं काही कळू नये? तिला राग आला. कोणावर, ते ठरेना, म्हणून प्रतापला पाणी आणायला पाठवलं.

लॉरेलने पत्र लिहिलं. मुलगी खरं बोलते आणि आईला घाबरते, हे दोन्ही गुण आजकाल दुर्मिळ आहेत, असं त्यात होतं. दुसरा गुण विनिताला तितकासा पटला नाही.

ऑगस्टात मयूरा अमेरिकेला गेली आणि सोरोरिटीच्या निवडीचा निकाल लागला. लॉरेलच्या बंगल्याने मयूराला पहिल्याच फेरीत वगळलं. शेजारच्या एका लहानशा सोरोरिटीने तिला घेतलं. तिथे शिफारसपत्राची पद्धत त्यांनी कधीचीच बंद केली होती. मयूरा फोनवर खूष होती, मागे मुलींचा नुसता कलकलाट चालला होता, आणि आईला "नंतर बोलते" म्हणून तिने फोन ठेवलासुद्धा.

विनिताने ही बातमी लॉरेलला जपून सांगितली. लॉरेल दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट नसताना क्लिनिकमध्ये येऊन थडकली. पन्नास वर्षं वर्गणी भरली आणि आपल्या शब्दाला ही किंमत, आता राजीनामाच देते, म्हणाली. काउंटरसमोर येरझाऱ्या घालत राजीनाम्याचा मजकूर ती सांगत गेली आणि विनिता टाइप करत गेली. दोन ठिकाणी विनिताने भाषा जरा सौम्य केली. एका ठिकाणी, स्वतःतर्फे, अंमळ तिखट.