वरच्या दोन पायऱ्या

मनकर्णाबाईंचा शब्द बेलापुरात कुणी पारखून घेत नसे. प्रवरेकाठी प्रसूतिगृह बांधायचे ठरले, तेव्हा विश्वस्त मंडळाच्या अध्यक्ष या नात्याने त्यांनीच सांगितले, की आपण लग्न होऊन आलो त्या वर्षीच्या महापुराने घाटाच्या वरच्या चार पायऱ्या तेवढ्या कोरड्या ठेवल्या. त्याहून वर पाणी कधी चढले नाही.

इमारतीचा आराखडा करणाऱ्या श्रीरामपूरच्या शबनमने घाटाच्या माथ्यापासून चार पायऱ्या खाली मोजल्या आणि तीच पूररेषा म्हणून सामाईक फाइलमध्ये नोंदवली. वास्तू, खांब-तुळया, वीज आणि नळ यांची चार मॉडेले चार गावच्या संगणकांवर घडत होती, पण चारही त्या एका फाइलला जोडलेली. तिथला आकडा हलला की चौघांचा हलायचा. इमारत उभी राहीपर्यंत इंचाचा फरक निघाला नाही. ऑक्सिजनची खोली पूररेषेच्या फूटभर वर आली. बाईंनी शबनमची पाठ थोपटली.

प्रसूतिगृह सुरू झाल्यावर भाद्रपदातल्या एका दुपारी शबनम अखेरची फाइल दाखवायला तिथे आली. बाई चार पायऱ्यांची हकिकत पुन्हा सांगू लागल्या. शेजारी चादरींच्या घड्या घालणाऱ्या कडूबाईंचे आयुष्य त्याच घाटावर धुणी धुण्यात गेले होते.

“चार खऱ्याच, बाई,” त्या म्हणाल्या. “पन तवाच्या वरच्या दोन आता हायेत कुठं? रस्ता रुंद केला तवा काठ तासला, अन् दोनी ट्रॅक्टरात घालून नेल्या. तुमी घाटावर पाय कवा ठेवला वं?”

शबनमचा चेहरा उतरला. दोन पायऱ्या म्हणजे दीड फूट. खरी पूररेषा तेवढी वर. म्हणजे ऑक्सिजनची खोली तिच्या अर्धा फूट खाली. आकडा बदलू का, असे तिने खाली मान घालून विचारले.

कडूबाईंना चळ लागला आहे, एवढे म्हणणे पुरेसे होते. गावाने मानले असते. पण बाईंना आता उमगले होते. चार मॉडेले म्हणजे चार साक्षीदार; ते एकमुखाने बोलले, कारण चौघांनीही डोळ्यांनी काहीच पाहिले नव्हते; चौघांनी बाईंचेच ऐकले होते.

“बदल. आणि चूक कुणाच्या सांगण्यावरून झाली, तेही लिही. माझे नाव पूर्ण घाल.”

शबनमने आकडा बदलला. पडद्यावर पूररेषेखाली गेलेली ऑक्सिजनची खोली लाल झाली, मग विजेचे पॅनेल, मग जनरेटर.

तेवढ्यात ग्रामपंचायतीचा भोंगा बोलू लागला. भंडारदऱ्याहून पाणी सोडले आहे, नदी आणखी चढेल, काठच्यांनी गुरे वर न्यावीत. माडीवर सात बाळंतिणी होत्या आणि दोन तान्ही मुले ऑक्सिजनवर.

श्रीरामपूरहून रुग्णवाहिका मागवण्याचा हुकूम सोडून बाई कित्येक वर्षांनी घाटावर गेल्या. माथ्यापासून पायऱ्या मोजल्या. सात कोरड्या होत्या. पदर खोचून त्यांनी पुन्हा पहिलीपासून मोजायला घेतल्या. या खेपेला सहाच कोरड्या उरल्या होत्या.