पाणमांजराची पाटी

व्हर्लिन टॅलीचं डोकं त्या दिवशी पार भंजाळलं होतं. मिसिसिपीतल्या त्याच्या तळ्यातले कॅटफिश मासे हिवाळ्यात बाजारात जायचे होते, आणि पाणमांजरं ते रोज फस्त करत होती. काठावर उरायची ती नुसती डोकी. वर्षाची कमाई डोळ्यांदेखत त्यांच्या पोटात चालली होती.

गाड्यांच्या नंबरपाट्या मिळतात त्या सरकारी खिडकीशी तो जाऊन उभा राहिला. आत लुरलीन बसली होती.

"पोरी, माझ्या ट्रकला तुमची ती पाणमांजराच्या चित्राची पाटी आहे. दरवर्षी त्या चित्रापायी जादा पैसे मोजतो. जातात कुठे ते?"

"पाणमांजरांनाच की, व्हर्लिनकाका. सरकार त्यातून ती आणतं आणि नदीत सोडतं."

"म्हणजे मीच पोसतो, आणि ती जेवायला माझ्याच तळ्यात?"

"मी तुम्हाला फुटबॉलची पाटी दाखवली होती."

"बायको म्हणाली, पाणमांजर गोड दिसतं!"

वाटेत व्हर्लिनने विचार केला. विचार करणं त्याच्या घराण्याला कधीच मानवलेलं नव्हतं. बिचाऱ्या जनावरांना कसं कळणार, वर्गणी कोण भरतं ते? घरी येताच त्याने ट्रकची जुनी, बाद झालेली पाटी शोधली आणि तळ्याकाठच्या खांबाला, पाण्याकडे तोंड करून ठोकली.

खोटं वाटेल, पण सकाळी पाणमांजरं आली, पाटीपुढे ओळीने बसली आणि एकमेकांकडे ओशाळून बघत शेजारच्या हॉइटच्या तळ्यात उतरली. हॉइटच्या गाडीला फुटबॉलची पाटी होती.

हॉइट तणतणत आला. "काय जादूटोणा केलास रे, थेरड्या?"

"जादूटोणा कसला? वर्गणी भर, चिकट्या!"

हॉइटने भरली, पाणमांजराची पाटी घेऊन तळ्याकाठी ठोकली. मग त्याच्या शेजाऱ्याने, मग पार नदीपर्यंतच्या तळेवाल्यांनी. पाणमांजरांच्या नावावर इतका पैसा साचला, की सरकारने लुइझियानातून ट्रकच्या ट्रक पाणमांजरं आणून सोडली. परमुलखातली ती! त्यांना मिसिसिपीची पाटी काय कळणार? सगळी तळी चाटूनपुसून साफ.

व्हर्लिन पुन्हा खिडकीशी. "पोरी, लुइझियानाची पाटी देतेस?"

"त्यासाठी तिकडे राहायला जावं लागेल, काका."

"आणि तळं?"

"तळ्याला पाटी लागत नाही."

व्हर्लिन मान हलवत बाहेर पडला. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाच उमगेना. तळ्यात जेमतेम एका कढईपुरते मासे उरले होते. ते त्याने काढले, तळले आणि बायकोसोबत बसून संपवले. निदान हे कुणी खाल्ले, याबद्दल तरी त्याच्या मनात गोंधळ नव्हता.