वेणी कोणी घातली

समुपदेशक साहेबांचं नाव मी हसतमुख ठेवलंय. माणूस वाईट नाही, पण ते हसू बघितलं की माझं डोकं फिरतं.

"ताई, थकवा अंगात नाही, थकव्याच्या भीतीत आहे," ते म्हणाले. हे दहाव्यांदा. दीड वर्षापूर्वी मला ताप आला. तो गेला, पण जाताना अंगातली सगळी ताकद घेऊन गेला. गणवेशाच्या कारखान्यात मी कापड कापते, दिवसभर उभ्याने. आता नुसते दात घासले तरी आडवं व्हावं लागतं. आणि म्हणे भीती!

रोज पाच-पाच मिनिटं चालणं वाढवा म्हणाले. वाढवलं. चौथ्या दिवशी अशी पडले की भेटीलाच जाता आलं नाही. त्यांच्या वहीत नोंद: 'टाळाटाळ'. गेले, तर 'सुधारणा'. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

कारखान्यानेच मला त्यांच्याकडे पाठवलेलं, त्यामुळे आज त्यांच्या शेऱ्यावर माझी नोकरी होती. 'आराम हवा' लिहिलं तर रजा वाढणार, नाहीतर सोमवारी कामावर उभं राहायचं. नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून सोबत सासूबाई. "आमच्या वेळी नव्हती हो असली दुखणी," हे त्यांचं पालुपद. म्हणजे झालंच कल्याण!

हसतमुख लिहिता लिहिता वाचू लागले, "कपडे नीटनेटके. वेणी व्यवस्थित. कामावर जाऊ शकतात."

मी तोंड उघडलं, पण शब्दच जुळेनात. मेलं, चिडायलाही ताकद लागते.

"अहो, वेणी मी घातलीय," सासूबाई म्हणाल्या. "हात वर होत नाहीत तिचे. कुशीवर झोपवून घातली. मलाही आधी नाटकं वाटायची. पण नाटक करणारी बाई दार लावून एकटी रडत नाही."

मला रडूच फुटलं. माझं रडणं त्यांना ठाऊक होतं, हे दीड वर्षात मला पहिल्यांदा कळत होतं.

हसतमुखांनी मान डोलावली आणि आणखी एक ओळ लिहिली. "घरच्यांच्या अति काळजीमुळे आजाराला खतपाणी. सोमवारी रुजू व्हावे."

"चल गं," सासूबाई म्हणाल्या. मी उठायला गेले. पाय उचलेनात.

"प्रयत्न करा ताई, जमेल," हसतमुख हसले.

सासूबाई परत खुर्चीत बसल्या. "ती उठेपर्यंत आम्ही इथेच. तुम्ही दर पाच मिनिटांनी वहीत लिहा."

पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात ते एकदाही हसले नाहीत. शेरा मात्र बदलला नाही. सोमवारी माझी नोकरी गेली.