खारनळी खोटी नव्हती

मित्रांनो, कर्जतजवळच्या कडाव गावात, एका घराच्या पोटमाळ्यावर, तुटक्या सुपाखाली जी काचेची नळी पडली आहे ना, ती मी. पोटात शिशाच्या गोळ्या, मानेत कागदाची पट्टी आणि पट्टीवर रेघा. पाणी खारट असेल तर मी वर उठून तरंगते, गोडं असेल तर खाली बसते. मला दुसरं काही येत नाही. खोटं बोलायला तर मुळीच येत नाही, आणि तरी सगळं गाव मला खोटारडी म्हणतं!

माझा जन्म विलायतेतला. एका साहेबाने मला मोठ्या काचेच्या पेटीबरोबर कर्जतच्या बंगल्यात आणलं. त्या पेटीत तो समुद्रातले मासे पाळायचा. साहेब मायदेशी गेला तेव्हा पेटी आणि मी त्याच्या बागेत काम करणाऱ्या धाकलूला मिळालो. धाकलूची बायको सुंदरा उरणची, ऐन समुद्रकाठची. भातखाचरांच्या गावात तिचा जीव रमत नव्हता. "तुज्या गावचं मासं ठेवू गं पेटीत," धाकलू म्हणाला. तिच्या भावाने बैलगाडीतून समुद्राचं पाणी आणलं आणि किनाऱ्यावरच्या खडकांतल्या खळग्यातले दोन पट्टेरी मासेही आणले. सुंदरा पेटीसमोर बसून त्यांच्याशी माहेरच्या गोष्टी बोलायची. हसायला लागली बिचारी.

पेटीतलं पाणी आटतं, मीठ मात्र आटत नाही. म्हणून खारटपणा सारखा मोजावा लागे. धाकलूचं काम चोख होतं. पेटीत सोडण्याआधी तो मला पागोळीखाली भरून ठेवलेल्या गोड्या पाण्यात सोडून बघायचा. मी बरोबर शून्याच्या रेघेवर उभी राहिले, तरच पुढे न्यायचा. "खारनळी हाय म्हणून मासं हायत," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मी आपली फुलून जायचे.

मग दसरा आला. नांगर, कोयता, विळा पुजायला मांडले. धाकलूने त्यांच्या रांगेत मलाही बसवलं. माझ्या मानेला हळदीत बुडवलेला जाड दोरा गुंडाळला, गंध थापलं, झेंडूचं फूल वाहिलं. खरं सांगते, इतका मान मला कुणी दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी फूल काढलं. पण त्यांच्याकडे पूजेचा दोरा आपण होऊन गळेपर्यंत सोडत नाहीत. तो तसाच राहिला. धाकलू मला घेऊन थेट पेटीकडे निघाला.

"अवो, आदी गोड्या पान्यात बघा की," सुंदरा म्हणाली.

"कालच पुजलीय तिला, आन् आज परीक्षा घ्यायची व्हय? तू खरा देव हायस का, असं देवाला इचारतं का गं कुनी?"

भिजल्या दोऱ्याचं ओझं घेऊन मी पाण्यात उतरले आणि नेहमीपेक्षा खोल गेले. मी तरी काय करणार? गळ्यात वजन बांधलं तर खाली जाणारच. धाकलूने रेघ वाचली. "अगं, मीठ कमी झालंय!" त्याने खडेमीठ विरघळवून पेटीत ओतलं. पुन्हा मला सोडलं, पुन्हा मीठ ओतलं. मासे कोपऱ्यात धापा टाकू लागले. मला ओरडता आलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. सकाळी दोघेही मरून तरंगत होते.

सुंदरा मटकन खाली बसली. "माजं म्हायेर गेलं गं बाई!" मग तिने पाण्याचं बोट जिभेला लावलं आणि थुंकली. "ह्ये तर नुसतं मीठ हाय! असं कसं झालं वो?"

धाकलूने मला बाहेर काढलं. त्याची नजर माझ्या मानेवर गेली आणि तिथेच थांबली. त्याला कळलं, मित्रांनो. सगळं कळलं. सुंदरा पदराने डोळे पुसत होती, तेवढ्यात त्याने दोरा ओरबाडून कमरेला खोचला आणि मोठ्याने म्हणाला, "नळीच खोटी निघाली बघ. इलायती माल!"

अरे, कालपरवा पाया पडलास ना माझ्या? पण माझं कोण ऐकतो! मी पोटमाळ्यावर गेले.

पुढच्या वर्षी भाऊ पुन्हा मासे घेऊन आला. सुंदराने त्याला दारातच थांबवलं. "नको रं दादा. नळी खोटी हाय. पुन्ना जीव नाय मारायचा मला." धाकलू तिथेच उभा होता. 'चूक माझी होती' एवढं म्हणाला असता, तर तिचे मासे घरात आले असते. तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. भाऊ डबा घेऊन परत फिरला. आता त्या पेटीत बियाण्याचं भात असतं.

मित्रांनो, मापाच्या वस्तूंची खुशाल पूजा करा. पण वापरण्याआधी त्या तपासून घ्या. त्यात आमचा अपमान नाही. आणि हातून चूक झालीच, तर ती मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. खाली ओटीवर कुणी माशांचा विषय काढला, की सुंदरा अजून कौतुकाने सांगते, "आमच्या ह्यांनी लई जपलं वो, पन त्या नळीनं घात केला." आणि धाकलू तिच्या शेजारी बसून मुकाट्याने ऐकतो.