डावीकडचा खळगा

“मामा, बास की आता. बूड निघंल तिचं,” सिंधू, केरबाची सून, दारातून म्हणाली.

केरबा सुताराने मान वर केली नाही. पीठ मळायची लाकडी काठवट त्याने दोन्ही पायांत घट्ट धरली होती. वाकसाने आतून तासून झाली होती. आता तो काचेच्या तुकड्याने खरवडत होता. पिठाचा काळा थर डावीकडच्या खळग्याच्या कडांना सर्वांत चिवट होता, म्हणून वाकस तिथेच अधिक चालला होता.

“हापिसात मळकं कसं न्यावं, पोरी? हसतील तिला.”

लातूर जिल्हा नवा होऊन चार वर्षे झाली होती. त्यातली दोन पावसावाचून गेली. तरीही तिथे जुन्या लाकडी-मातीच्या भांड्यांचे प्रदर्शन भरणार होते, निवडक भांडी कायमची दालनात राहणार होती. प्रदर्शन मांडणाऱ्या सौदामिनीबाई चाकूरला येऊन ही काठवट पाहून गेल्या होत्या. ‘हीच आणा,’ म्हणाल्या होत्या.

काठवट केरबाच्या बायकोची, भामाबाईची. लग्नाच्या वर्षी केरबाने ती कडुलिंबाच्या एका ओंडक्यातून कोरली होती. भामाबाई डावखुरी, पस्तीस वर्षे पीठ मळून तिच्या तळव्याएवढा खळगा पडला होता. ती गेली त्याला तीन उन्हाळे झाले. तिचे नाव कुठेच लिहिलेले नव्हते. निदान हे राहील, असे त्याला वाटले होते.

दुसऱ्या दिवशी लातूरला सौदामिनीबाईंनी काठवट फिरवून पाहिली.

“केरबा, ती जुनी कुठंय? हाताचा खळगा पडलेली?”

“तीच हाय, बाई. साफ करून आणली.”

त्यांची बोटे सपाट लाकडावरून डावीकडे गेली आणि थांबली.

“अहो, तो खळगा पाहूनच तर...”

काठवट शेवटच्या मेजावर गेली. कुणीतरी चिठ्ठी लावली : ‘काठवट. चाकूर. नवी.’

“परत नेता का?” बाईंनी हळूच विचारले.

“ऱ्हाऊ द्या.”

दिवस मावळताना तो घरी आला. सिंधू चुलीपुढे पीठ मळत होती.

“ठिवली का, मामा?”

“हाव. ठिवली.”

“बरं झालं. आत्याबाईंची आठवण ऱ्हाईल.”

केरबाने अंगणाकडे पाहिले. “काठवटीच्या ढलप्या कुठायत?”

“चुलीत घातल्या. दुसरं जळण हाय कुठं?”

सिंधूच्या प्रत्येक रेट्यासरशी स्टीलची परात फरशीवर पुढे सरकत होती. ती पुन्हा ओढून घेत होती. केरबा समोर उकिडवा बसला. त्याने परातीचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि पीठ मळून होईपर्यंत सोडला नाही.